चित्रं लई भारी, पण गोष्ट काय?

हेडफोन लावून एसटीत, लोकलमध्ये किंवा भांडी घासत ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकत नाहीत, इथं येऊन वाचतात, त्यांचंही. आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक छोटा गेम बनवला. व्हिज्युअल नॉव्हेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्क्रीनवर एक सुंदर चित्र, त्यावर एक-दोन पात्रं उभी, खाली एका चौकटीत संवाद. टॅप करायचं, पुढचं वाक्य. मधेच दोन पर्याय येतात, तुम्ही एक निवडता, गोष्ट तिकडे वळते. मारामारी नाही, पळापळ नाही. वाचायचं आणि बघायचं. रेनपाय नावाचं एक इंजिन फुकट मिळतं, पायथनवर चालतं, २००४ पासून आहे. दिवसा ऑफिसचं काम, रात्री हे. कोड माझा, चित्रं उमरग्याच्या मित्राची, संगीत तिसऱ्याचं.

गोष्ट नळदुर्गची. पाणी महाल तुम्ही बघितलाच असेल. बोरी नदीवर बंधारा, बंधाऱ्याच्या पोटात महाल, आणि पावसाळ्यात वरून कोसळणारे नर-मादी धबधबे. आम्ही ठरवलं, जागा एकच ठेवायची आणि काळ तीन. पहिला इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याचा, म्हणजे १७व्या शतकाची सुरुवात, जेव्हा हा बंधारा उभा राहिला. दुसरा सप्टेंबर १९४८, जेव्हा सोलापूरकडून भारतीय फौज आली आणि पोलीस ॲक्शनची पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. तिसरा आजचा, एक कॉलेजची पोरगी तिथं रील बनवायला येते. तिन्ही काळांत तोच महाल, तेच पाणी. आम्हाला वाटलं, काय कल्पना आहे राव.

तुळजापूरच्या आत्याच्या फोनवर टाकून दिला. आत्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, पण गोष्टीच्या बाबतीत तिचा कान पक्का. जन्म आराधी, गोंधळी ऐकण्यात गेला. तिनं चष्मा लावून पाऊण तास खेळला. मग फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "चित्रं लई भारी काढलीत रे. पण ही पोरगी त्या म्हाताऱ्याची कोण लागती? आन् तो शिपाई मेला ना मघाशी, मग परत कसा आला?"

तो शिपाई मेला नव्हता. तो दुसरा होता, तीनशे वर्षांआधीचा. पण बॅकग्राउंड तेच, उजेड तोच, आणि पागोटं सोडलं तर कपडेही जवळजवळ तेच. आम्हाला फरक दिसत होता, कारण गोष्ट आमच्या डोक्यात होती. आत्याच्या डोक्यात नव्हती.

आठवडाभर मला राग होता. नंतर मी शोधायला लागलो की आपल्याकडं चित्रावरून गोष्ट सांगायची पद्धत होती का, आणि ती लोकांना समजायची कशी. आजचा भाग त्या शोधाचा आहे.

आधी जपानकडं एक चक्कर मारून येऊ, कारण हा गेमप्रकार तिकडचा. १९८३ मध्ये युजी होरी नावाच्या माणसानं 'पोर्टोपिया' नावाचा खुनाच्या तपासाचा गेम लिहिला, तिथून ही वाट सुरू झाली असं साधारण मानतात. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव आलं १९९६ च्या सुमाराला, लीफ नावाच्या कंपनीच्या मालिकेवरून. पण गेमपेक्षा मला त्याच्या आधीची एक गोष्ट जास्त आवडली. १९३० च्या दशकात जपानच्या गल्ल्यांत सायकलवर माणसं यायची. सायकलच्या मागं लाकडी खोका. पोरं जमली की आधी गोळ्या विकायचे, मग खोका उघडायचा. आत जाड कागदावरची चित्रं, एकामागं एक. हा माणूस एकेक चित्र सरकवायचा आणि गोष्ट सांगायचा. याला म्हणतात कामिशिबाई, म्हणजे कागदाचं नाटक. टीव्ही आला तेव्हा जपानी लोक त्याला सुरुवातीला 'विजेची कामिशिबाई' म्हणायचे, यावरून काय ते समजा.

कामिशिबाईची एक युक्ती नीट ऐका, पुढं लागणार आहे. छापील संचात चित्राचे संवाद कागदाच्या मागं असायचे, पण त्याच चित्राच्या मागं नाही. सांगणारा खोक्याच्या मागं उभा, पुढचं चित्र लोकांकडं तोंड करून. त्यामुळे पहिल्या चित्राचा मजकूर सगळ्यात शेवटच्या कागदाच्या पाठीवर. पहिला कागद काढून मागं सरकवला की त्याच्या पाठीवर दुसऱ्याचा मजकूर तयार. म्हणजे सांगणारा बदलला तरी गोष्ट शाबूत. कागदं ज्याच्या हाती, त्याला गोष्ट सांगता येते.

आता आपल्याकडं या. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या एक कला सांभाळतोय, चित्रकथी. हातानं काढलेली चित्रं, त्यांचा एक गठ्ठा म्हणजे पोथी. एका पोथीत एक आख्यान. महाभारतातलं, रामायणातलं, किंवा अहिरावण-महिरावणासारखं, जे संस्कृत रामायणात नाही पण आपल्याकडं लहान पोराला सुद्धा ठाऊक आहे. कथेकरी बसतो, हातात वीणा, साथीला टाळ आणि हुडूक. समोर पाटीला टेकवून एक चित्र. त्या चित्राची गोष्ट गाऊन झाली, मधलं निरूपण झालं की ते खाली, पुढचं वर. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता. देवळांतून, नवरात्रात हे खेळ व्हायचे.

थोडं थांबून विचार करा. स्थिर चित्र, पात्रं, संवाद, पार्श्वसंगीत, एक प्रसंग संपला की पुढची स्क्रीन. हा व्हिज्युअल नॉव्हेलच झाला की. फरक इतकाच की टॅप करायचं काम कथेकऱ्याचं.

आणि ही पद्धत किती जुनी? उमरग्याच्या पलीकडं, सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं. जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ ते ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. राजानं काय खावं, हत्ती कसे धरावेत, चित्राचे रंग कसे तयार करावेत, सगळं त्यात. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात हीसुद्धा नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो आणि अभ्यासक चित्रकथीचा सगळ्यात जुना पुरावा म्हणून त्याकडं बोट दाखवतात. म्हणजे आम्ही ज्या मित्राच्या घरी बसून गेमची चित्रं केली, तिथून बाईकवर गेलं तर चहाच्या आधी पोचू, इतक्या जवळ नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी हेच काम करत होतं. हे वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. कौतुकाचा थोडा आणि लाजेचा जास्त.

मराठवाड्यात पैठणचं नाव या चित्रांना चिकटलंय. १९व्या शतकातली बरीच चित्रं पैठण भागातून मिळाली म्हणून 'पैठण शैली'. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा चित्रांचा संग्रह आहे. १९८० च्या सुमाराला अॅना दल्लापिक्कोला या अभ्यासिकेनं त्यावर जर्मन भाषेत पुस्तक लिहिलं. चित्रं बघाल तर नजर हलत नाही. मोठाले डोळे, धारदार नाकं, लालभडक आणि निळे रंग, चौकटीत मावत नाहीत असे राक्षस. माणसं बाजूनं बघणारी, अगदी चामड्याच्या बाहुल्यांसारखी. आणि गंमत म्हणजे चेहरे परत परत तेच. राजा म्हटलं की ठरलेला राजा, राक्षस म्हटलं की ठरलेला राक्षस. आम्ही गेमवाले याला 'असेट रियूज' म्हणतो आणि बजेट कमी होतं म्हणून लाजत कबूल करतो. इथं ते कथेकऱ्याच्या सोयीचं होतं. हा राजा आज हरिश्चंद्र की युधिष्ठिर, हे तो तोंडानं सांगणार होता.

आणि इथंच घोटाळा आहे.

एका प्रदर्शनात मी अशी काही चित्रं बघायला गेलो. सुटी चित्रं, काचेच्या फ्रेममध्ये, छान उजेड. खाली पाटी: 'युद्धप्रसंग'. शेजारी: 'युद्धप्रसंग'. त्याच्या शेजारी: 'राजा आणि राणी'. कोणतं युद्ध? कोणता राजा? राणी रडतीय का हसतीय? माझ्या मागं एक जोडपं उभं होतं. तो म्हणाला, "काय कलर आहेत यार." ती म्हणाली, "हो, पण चाललंय काय?" मला क्षणभर वाटलं, आत्याच आली की काय.

इंजिनिअर मंडळींना 'बस फॅक्टर' माहीत असेल. म्हणजे टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल. आकडा एक असेल तर तुम्ही संकटात. चित्रकथीचा बस फॅक्टर एक होता. कामिशिबाईचा मजकूर कागदाच्या पाठीवर. आपल्याकडं मात्र पुष्कळदा एका चित्राच्या पाठीला दुसरं चित्र चिकटवलेलं, म्हणजे पाठीवरही चित्रच. गोष्ट कुठं? कथेकऱ्याच्या गळ्यात. बापाकडून पोराला, ऐकून ऐकून. संस्थानं गेली, सिनेमा आला, टीव्ही आला, ऐकणारे कमी झाले. पोरांनी दुसरी कामं धरली, आणि त्यात त्यांची काय चूक? पोथी घरात राहिली, मग विकली गेली, मग सुटी झाली. सुट्या चित्राला भाव जास्त मिळतो ना. म्हणजे डेटा राहिला आणि प्रोग्रॅम गेला.

पिंगुळीत मात्र तो सगळा गेला नाही. परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यात २००६ साली ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथं आहे, आणि मुख्य म्हणजे ते सादर करणारी माणसंही आहेत. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात ट्रिप काढाल तेव्हा मालवणला जाताना वाट थोडी वाकडी करा. फोटो काढायच्या आधी ऐका मात्र.

तर चित्रकथीत निदान चित्राची जागा ठरलेली होती, एका वेळी एकच. आता एक पायरी मागं जाऊ, जिथं सगळी चित्रं एकाच भिंतीवर आहेत. अजिंठा. आपल्या जिल्ह्याला हे लांबचं वाटेल, पण १९४८ पर्यंत अजिंठा आणि आपण एकाच राज्यात होतो, निजामाच्या. ज्या मीर उस्मान अली खानाच्या नावावरून आपल्या गावाचं नाव उस्मानाबाद झालं, त्याच्याच काळात हैदराबादचं पुरातत्त्व खातं १९१४ ला सुरू झालं. गुलाम याजदानी त्याचे प्रमुख. १९२० च्या सुमारास चित्रं वाचवायला खास इटलीहून तज्ज्ञ आणले होते.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला गेला आणि त्याला ही लेणी दिसली, ही गोष्ट शाळेत ऐकलीय. त्यानंतर काय झालं ते ऐका. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा माणूस वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून चित्रांच्या मोठमोठ्या प्रती करत बसला. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी परत प्रती करायला गेले. म्हणजे चित्रं भारी आहेत हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण या चित्रांत गोष्ट कोणती, हे बहुतेक भिंतींच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

सगळ्यात भारी उदाहरण १७ नंबरच्या लेण्याचं. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला एक मोठं चक्र रंगवलंय, आता अर्धं-अधिक गेलंय. आऱ्यांमधले कप्पे, कप्प्यांत माणसं, प्राणी, घरं. १९व्या शतकात इंग्रजांनी ते बघितलं आणि ठरवलं, हे राशिचक्र. म्हणून त्या लेण्याचं नावच पडलं 'झोडियॅक केव्ह', राशीचं लेणं. मेष, वृषभ, मिथुन. कित्येक वर्षं हेच चाललं. मग १८९० च्या दशकात वॅडेल नावाच्या माणसानं, जो तिबेटी बौद्ध धर्माचा अभ्यास करत होता, लक्षात आणून दिलं की हे तर भवचक्र आहे. जन्म, मरण, स्वर्ग, नरक, परत जन्म. त्याला हे कसं कळलं? कारण तिबेटी मठांत हेच चक्र दारावर रंगवलेलं होतं, आणि ते समजावून सांगणारे लामा तिथं अजून होते. चित्र अजिंठ्यात राहिलं होतं आणि कथेकरी हिमालयात.

यापुढची गोष्ट वाचून मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन आलो. 'दिव्यावदान' नावाचा जुना बौद्ध ग्रंथ आहे. त्यात बुद्ध सांगतात की असं चक्र विहाराच्या दारावर रंगवा. आणि एवढंच सांगून थांबत नाहीत. तिथं एक भिक्खू नेमा, जो येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगेल. म्हणजे ज्यांनी ही चित्रकथा डिझाइन केली, त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलं होतं की नुसतं चित्र चालणार नाही, शेजारी माणूस लागेल. आम्ही आमच्या गेमचं डिझाइन डॉक्युमेंट चाळीस पानांचं केलं होतं. त्यात फाँटचा रंग होता, माणूस नव्हता.

त्याच १७ नंबरमध्ये आत गेलात तर उजवीकडं एक पूर्ण भिंत सिंहल अवदानाची आहे. सिंहल नावाचा व्यापारी समुद्रावर निघतो, जहाज फुटतं, राक्षसिणींच्या बेटावर पोचतो. त्या सुंदर बायका होऊन भुलवतात. पांढरा उडता घोडा त्याला सोडवतो. एक राक्षसीण त्याच्या मागं गावापर्यंत येते, राजाला भुलवते, रात्रीत राजवाडा फस्त होतो. मग लोक सिंहलालाच राजा करतात आणि तो फौज घेऊन बेटावर जातो. नेटफ्लिक्सनं उचलावी अशी गोष्ट आहे. पण भिंतीसमोर उभे राहा आणि डावीकडून उजवीकडं वाचायला लागा. डोकं गरगरतं. घोडा कुठं, जहाज कुठं, सिंहल किती वेळा आणि कोणत्या क्रमानं?

डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकानं आयुष्यातली बरीच वर्षं याच प्रश्नाला दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अजिंठ्याच्या चित्रकारांनी प्रसंग काळाच्या क्रमानं लावलेच नाहीत, जागेच्या क्रमानं लावलेत. राजवाड्यात घडणारं सगळं राजवाड्यापाशी, मग ते गोष्टीच्या सुरुवातीला असो की शेवटी. रानातलं रानापाशी. भिंत म्हणजे टाइमलाइन नाही, भिंत म्हणजे नकाशा.

एक जागा, अनेक काळ. ओळखीचं वाटतंय? तेच आम्ही नळदुर्गात केलं होतं. तीच चूक, असं मी आधी लिहून ठेवलं होतं, नंतर खोडलं. त्यांची ती चूक नव्हती. अजिंठ्यात येणाऱ्याला जातककथा बहुधा आधीच ठाऊक असायच्या, आणि नसतील तर सांगणारा शेजारी असायचा, दिवा हातात घेऊन. राजस्थानात पाबूजीच्या फडात अजून तसंच होतं. लांबलचक कापडावर सगळी गोष्ट, तीही जागेच्या हिशोबानं रंगवलेली, भोपा गातो आणि जो प्रसंग चाललाय तिथं दिवा धरला जातो. अंधारात फक्त तेवढंच दिसतं. क्रम चित्रात नाही, दिव्यात आहे. आमच्या गेममध्ये नकाशा होता, दिवा नव्हता.

गोष्ट आधीच ठाऊक असणं ही किती मोठी सोय आहे, हे मला कल्याणच्या पटवर्धनांनी शिकवलं. आपल्या बसवकल्याणचे नाहीत, मुंबईजवळच्या कल्याणचे. महादेवराव पटवर्धन आणि त्यांची मुलं १८९० च्या दशकात शांबरिक खरोलिका नावाचा खेळ करायचे. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली बारीक चित्रं, मॅजिक लँटर्ननं पडद्यावर मोठी करायची, सोबत निवेदन आणि गाणी. चित्रं भराभर बदलून हलल्याचा भास सुद्धा. लोक बघत काय होते? रामायण, महाभारत. फाळक्यांनी १९१३ ला पहिला चित्रपट काढला तो हरिश्चंद्राचा. मुका चित्रपट, मधे पाट्या, आणि वाचता येणारे थोडे. तरी कुणी अडलं नाही, कारण तारामती कोण, रोहिदास कोण, हे सांगायची गरजच नव्हती. चित्रानं फक्त आठवण करून द्यायची होती.

आमच्या गेममधली पोरगी, म्हातारा आणि शिपाई मात्र आम्ही जन्माला घातलेले. त्यांना जगात फक्त तीन माणसं ओळखत होती आणि तिघंही डेव्हलपर.

गोंधळून टाकणारी गोष्ट मुद्दाम सुद्धा सांगता येते, हे मला मान्य आहे. जपानचा 'थर्टीन सेंटिनल्स' नावाचा २०१९ चा गेम घ्या. तेरा नायक, काळाच्या उड्या, चित्रं अशी की स्क्रीनशॉट काढून वॉलपेपर लावावेत. पहिले दहा तास काही कळत नाही. पण गेमच्या आत एक दप्तर दिलंय, जिथं तुम्ही पाहिलेले सगळे प्रसंग काळाच्या क्रमानं लावून मिळतात. म्हणजे दिवा दिलाय, फक्त तुमच्या हातात. आणि पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम अनेकांनी खेळला असेल, २०२० चा, नॉडिंग हेड्स गेम्सचा. तो व्हिज्युअल नॉव्हेल नाही, लढाईचा आहे. पण त्यात जागोजागी भिंतींवर चित्रं आहेत. राजी त्यांच्यासमोर उभी राहिली की दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत त्याची कथा सांगतात. भिंत, चित्र आणि शेजारी सांगणारा. त्याचा शेवट एकदम तुटल्यासारखा होतो ही तक्रार बऱ्याच जणांनी केली, माझीही आहे. पण त्या भिंतींपाशी मी प्रत्येक वेळी थांबलो.

आता परत आत्याकडं. हे सगळं वाचून मी तुळजापूरला गेलो, मोठ्या थाटात तिला भवचक्र, अजिंठा वगैरे सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू गोंधळ कवा नीट ऐकलास का?"

ऐकलाय की. प्रत्येक लग्नानंतर घरात होतो. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी, रात्रभर. मोबाईल बघत ऐकलाय, ते वेगळं.

"त्यात चित्र असतंय का एक तरी?"

नाही.

"मग कळतंय कसं?"

मला उत्तर आलं नाही. तिनंच सांगितलं. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, पण तो एकटा नसतो. शेजारी त्याचा साथीदार असतो, जो मधे मधे तोंड घालतो. कोण म्हणलात? कुठं गेली राणी? आन् मग राजाला कळलं कसं? थोडा वेंधळा, थोडा चेष्टेखोर. लोक हसतात, त्यांना वाटतं हा विनोदासाठी आहे. "आरं, तो आमच्या वाटचं विचारतोय," आत्या म्हणाली. "आमाला इचारायला लाज वाटती ना, म्हणून."

मी इंजिनिअरिंगला युझर टेस्टिंग नावाचा विषय शिकलोय. त्यात नापास होता होता वाचलो होतो.

जाता जाता एक गंमत. आपल्या धाराशिवच्या लेण्यांचं अजिंठ्याच्या बरोबर उलटं आहे. तिथं रंगवलेल्या भिंती बघायला कुणी जात नाही, पण गोष्ट मात्र शिल्लक आहे. कनकामर नावाच्या जैन मुनींनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे काव्य लिहिलं. त्यात करकंड राजा तेरापूरला, म्हणजे आपल्या तेरला येतो आणि जवळच्या डोंगरात त्याला लेणं सापडतं. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लेणी इतकी जवळ, रविवारी पोरं क्रिकेट खेळून तिथं जाऊन बसतात, आणि ही गोष्ट मला २७व्या वर्षी कळली. यावर एक वेगळा भाग करायचाय.

तर गेमचं काय केलं? चित्रकार मित्राला वाटलं आता सगळी चित्रं बदलावी लागणार. एकही बदललं नाही. तिन्ही काळांसाठी पाणी महालाचा उजेड वेगळा केला, दुपार, पहाट, रात्र, एवढंच. आणि एक पात्र वाढवलं. बंधाऱ्यावर चणे-फुटाणे विकणारा एक पोरगा, जो तिन्ही काळांत असतो आणि कुणालाही काहीही विचारतो. "तुमी कोण? कुठल्या सालातून आलाव?" मित्र म्हणाला, हे जरा बाळबोध वाटतंय. वाटू दे, म्हटलं. तरी एका जागी आम्ही हट्टानं काही सांगितलं नाही. शेवटी म्हातारी विहिरीपाशी थांबते, ते का, ते कुठंच लिहिलेलं नाही. तेवढं आम्हाला ठेवायचं होतं.

गेल्या महिन्यात आत्यानं नवा गेम खेळला. शेजारच्या काकू पण बसल्या होत्या, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून आत्या मोठ्यानं वाचत होती. हळूहळू वाचणं सुटलं आणि ती सांगायलाच लागली. बोट स्क्रीनवर, तोंड काकूंकडं. मधे दोन-तीन वाक्यं तिनं स्वतःचीच घुसडली, आमच्या स्क्रिप्टमध्ये नसलेली. शिपायाला तिनं येरमाळ्याचा करून टाकलं. विहिरीचा प्रसंग आला. काकू म्हणाल्या, "ही का थांबली वं हितं?"

मी सांगायला तोंड उघडलं. आत्यानं हात वर करून मला गप्प केलं आणि म्हणाली, "थांब, मी सांगती."

तिनं जे सांगितलं ते आम्ही लिहिलेलं नव्हतं. आता पुढच्या व्हर्जनमध्ये ते घ्यायचं की नाही, यावरून आमच्या तिघांची भांडणं चालू आहेत. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत तुमच्या घरात गोंधळ, चित्रकथी, कीर्तन कुणी ऐकलेलं असेल तर त्यांच्याशेजारी बसून एक आख्यान रेकॉर्ड करा, आणि मधे मधे प्रश्न विचारा.